कोळशाची खूण

त्या मे महिन्यात नांदेडला आमच्या घरी जो येईल तो अंडी कशी उबवायची हे सांगून जायचा. करायचं कोणी, हे कोणी सांगत नव्हतं.

अंडी अजगराची होती. गावाबाहेर कालव्याजवळ आमचा प्लॉट आहे. क्लासला येणाऱ्या पोरांसाठी तिथं खोल्या बांधायच्या म्हणून पाया खणायला जेसीबी लावला होता. जुन्या बांधाखाली मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली होती. ती कोणाला दिसली नाही. मशीनचा दात तिला लागला. वनखात्याचे साहेबराव तिला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, पण ती वाचली नाही. अंडी मात्र शाबूत होती. माझ्या मुलानं, अंबरीशनं, ती घरी उबवायची परवानगी मागितली. साहेबरावांनी वरिष्ठांना फोन लावला आणि दर आठवड्याला येऊन बघेन, या अटीवर अंडी आमच्याकडं ठेवली.

मी नाहीच म्हणणार होतो. पण अंबरीशनं काहीतरी मागितलं, हेच नवीन होतं. त्याची आई, सिंधु, हिवाळ्यात गेली. अंबरीश क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायचा, ते तेव्हापासून बंद केलं. भिंतीकडं तोंड करून पडायचा. हाक मारली की उठायचा, दोन घास खायचा, परत पडायचा. मलाही काय बोलावं कळत नव्हतं. आमच्या घरात बोलायची ती सिंधुच. आम्ही दोघं तिच्यामार्फत बोलायचो. आता हा पोरगा स्वतःहून उठला होता. अंडी मेली तर तो परत भिंतीकडं वळणार, एवढं मला दिसत होतं. म्हणून हो म्हणालो आणि डोक्याला ताप लावून घेतला.

अंबरीशनं कॉम्प्युटरवर वाचून काढलं. थर्माकोलचा खोका, आत ओला काथ्या, वर बल्ब. लिहिणारी सगळी माणसं थंड देशातली. अंडी गरम कशी ठेवायची, याचीच त्यांना काळजी. नांदेडला मे महिन्यात दुपारी बल्ब लावायचा म्हणजे अंडी उकडूनच खायची. रिकामा खोका जिन्याखाली ठेवून बघितला, तर बल्ब न लावताच पारा नको तितका चढला. मग कूलर लावायचं ठरलं. कूलर लावला आणि लोडशेडिंग सुरू झालं.

वरच्या खोल्यांत भाड्यानं राहणारी सीईटीची पोरं खाली आली. त्यांनी प्रत्येक उपायाला ए, बी, सी, डी असे नंबर दिले, कोणता चूक ते वाद घालून ठरवलं आणि बरोबर कोणता ते न सांगता क्लासला निघून गेली.

सरजाबाई म्हणजे सिंधुची थोरली बहीण. सिंधु गेल्यावर आमच्या दोघांच्या जेवणाचे हाल बघून त्या शिरूर अनंतपाळहून आल्या आणि राहिल्या. त्यांना मी अक्का म्हणतो. त्यांनी सोपा उपाय काढला.

"दाजी, एक खुडूक कोंबडी आणून बसवा. तिला काय कळतंय खाली कशाची हायत ते."

"आणि पिल्लू निघालं की पहिलं तिलाच गिळील," मी म्हणालो.

"मग अंडी फुटायच्या आत उठवा तिला. तेवढं बी होत न्हाई का तुमच्यानं?"

शेवटी मी रांजण काढला. लोडशेडिंगच्या दिवसांत सिंधु त्यात दही आणि पालेभाजी ठेवायची. मोठा रांजण, त्यात लहान माठ, दोघांच्या मधे वाळू. वाळूवर पाणी शिंपडत राहायचं, माठ आतून थंड राहतो. अंबरीशचा यावर विश्वास नव्हता. पण त्यानं माठात थर्मामीटर सोडला, दिवसभर येऊन येऊन बघितला आणि शेवटी मान हलवली. पारा अंड्यांना पाहिजे तिथंच थांबला होता. पाणी किती शिंपडायचं, अंड्यांना थेंबही लागू द्यायचा नाही, झाकण थोडं उघडं ठेवायचं, हे सगळं त्यानं मला समजावून सांगितलं. म्हणजे उबवणार मीच.

अंडी माठात ठेवताना तो म्हणाला की या अंड्यांची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. आतला जीव वरच्या बाजूला चिकटलेला असतो, अंडं उलटलं तर तो मरतो. खूण करायला पेन घेतलं, ते त्या मऊ ओलसर कवचावर उठेना. मी चुलीतला कोळसा आणून दिला. सिंधुला मी तशी खूण करताना बघितलं होतं. भूकंपानंतर एका संस्थेनं शिरूरच्या बायकांना कोंबडीची अंडी उबवायच्या लाकडी पेट्या दिल्या होत्या. सिंधु आणि अक्का दोघींनी ते काम केलं. पेटीत कोंबडी नसते, म्हणून अंडी हातानं उलटावी लागतात. एका बाजूला कोळशाची खूण करायची. खूण सकाळी खाली, संध्याकाळी वर. नांदेडला आल्यावरही सिंधुनं कितीतरी वर्षं तशी पिल्लं काढली.

निम्मी अंडी एकमेकांना घट्ट चिकटलेली होती. तो गठ्ठा तसाच ठेवला. बाकीची सुटी.

पुढच्या आठवड्यात साहेबराव बघायला आले. अंबरीशनं झाकण काढलं आणि तो तसाच वाकून राहिला. गठ्ठ्यावरच्या खुणा दिसत होत्या. सुट्या अंड्यांची एकही खूण वर नव्हती.

"कोणी हात लावला?"

अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "मीच की. सांजच्याला खूण वर करती. तुम्ही खुणा करून ठेवल्या अन् फिरवायचं विसरलाव. म्हणून मी रोज फिरवायले. त्यो गड्डा तेवढा हलंना."

अंबरीश जिन्याच्या पायरीवर बसला. त्याचं तोंड भिंतीकडं होतं. मला वाटलं, संपलं.

"अण्णा, तुम्ही मावशीला सांगितलं नाही?"

"मला वाटलं तू सांगितलं."

"मी? मी या घरात कोणाशी बोलतो का?"

"नाहीच बोलत," मी म्हणालो. "महिने झाले."

"आणि तुम्ही बोलता? आई गेल्यापासून एकदा तरी आईचं नाव घेतलं का तुम्ही?"

मग जे सुरू झालं ते थांबेना. प्लॉटवर खोल्या बांधायची एवढी घाई कशाला केली, आईच्या साड्या न विचारता का देऊन टाकल्या, दवाखान्यात तिच्याजवळ कोण होतं आणि कोण नव्हतं, सगळं निघालं. मीही सोडलं नाही. मला उठायला होत नव्हतं तरी मी रोज उठून कुकर लावला, हे मी त्याला ओरडून सांगितलं. साहेबराव चहाचा कप हातात धरून जमिनीकडं बघत बसले होते.

"दोघं बी मुक्यावानी बसता," अक्का म्हणाल्या, "मला काय सपान पडायचं?" आणि त्या डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

साहेबराव गेल्यावर अंबरीश मावशीच्या मागं आत गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, चादर धरा. आम्ही दोघं चादरीखाली बसलो आणि त्यानं बॅटरीच्या उजेडात एकेक अंडं होतं तिथंच बघितलं. गठ्ठ्यातल्या अंड्यांत लाल शिरा होत्या. सुटी सगळी आतून पिवळी पडली होती. ती आम्ही काढून अंगणात पुरली.

त्या दिवशी तो पडला नाही. रांजणाशी कोणी काय केलं, हे जेवताना सगळ्यांनी तोंडानं सांगायचं असा नियमच त्यानं काढला. मी पाणी शिंपडलं, अक्कांनी काहीही केलं नाही, असं रोज सांगून व्हायचं. पुढं पुढं दुसरंही काहीबाही निघायचं.

गठ्ठ्यातली पिल्लं निघाली. कवचाला चीर पडून एकेक नाक बाहेर आलं आणि तसंच थांबलं. अक्का दारातूनच बघत म्हणाल्या, "सिंधु असती तर एकेकाला नाव ठिवलं असतं." साहेबराव पिल्लांना घेऊन गेले आणि अंबरीशला बरोबर नेलं. ओढ्याकाठी सोडली म्हणाला. नंतर तो परत क्लासला जाऊ लागला. जुना बांध ठेवूनच खोल्या बांधायच्या, असं त्याचं म्हणणं आहे. कंत्राटदाराला ते पटत नाही, मलाही नाही.

रांजण धुऊन उन्हात ठेवला आहे. मी म्हणतो त्यात परत दही ठेवू, घरात तेवढीच थंड जागा आहे. अक्का म्हणतात, सापाच्या भांड्यातलं दही मी खायची न्हाई. अंबरीश म्हणतो, अजगर म्हणा. तीन दिवस झाले, हेच चालू आहे.