निळ्याचा घोळ आणि मी

मी एक जुने भिंग आहे, पण मला कपाटात शोधू नका. मी एका पेंटरच्या उजव्या डोळ्यात राहते. वाटाण्याएवढेच आहे म्हणा, पण मूर्ती लहान, कीर्ती महान!

कारखान्यात मला घासूनपुसून लख्ख केले आणि बाटलीत बंद केले. तिकडे माझ्या पेंटरची मात्र पंचाईत झाली होती. मोतीबिंदूमुळे त्याला सारे जग चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखे पिवळट दिसे. निळा रंग फिकाच वाटे, म्हणून तो डब्यात आणखी निळा ओती. पाट्या इतक्या भडक होत, की गिऱ्हाइके हात जोडत. तो रंगवाल्याला भेसळखोर म्हणे आणि लोक म्हणत, "नाचता येईना, अंगण वाकडं!" शेवटी त्याच्या लेकीनेही आपल्या नव्या बेकरीची पाटी दुसऱ्या पेंटरकडून करून घ्यायचे ठरवले. हे कळले तेव्हा तो जेवलाच नाही. त्याने सगळे ब्रश बांधून माळ्यावर टाकले. बायकोने मात्र त्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी त्याचे गढूळ भिंग काढले आणि मला गुंडाळून इवल्याशा चिरेतून आत सोडले. आत मी उलगडले आणि ऐसपैस बसले.

सकाळी पट्टी निघाली. नर्सच्या कपड्यांकडे पेंटर बघतच राहिला. पांढरा इतका पांढरा असतो, हे तो विसरूनच गेला होता! घरी जाताना रस्ताभर तो एकदा हा डोळा मिटे, एकदा तो. डाव्या डोळ्याने आभाळ मळकट, माझ्यातून निळेशार. मला हसू आवरेना.

घरात पाऊल टाकताच तो ओरडला, "अगं, ही भिंत कुणी अशी भडक निळी करून ठेवली?"

"तुम्हीच! आणि वर म्हणालात, जरा फिकाच झालाय."

दोघे पोट धरून हसले. हसता हसता तो तिच्याकडे निरखून पाहू लागला, तशी ती लाजली. "बघू नका हो, सुरकुत्या दिसतील."

"दिसतायत की! पण किती दिवसांनी तुझं तोंड नीट दिसतंय."

डॉक्टरांनी परवानगी देताच त्याने ब्रश खाली काढले आणि ती भिंत पुन्हा रंगवली. लेक आली, भिंतीसमोर थबकली. "बाबा, त्या पेंटरला मी नको म्हणून सांगते. पाटी तुम्हीच करा."

बारीक अक्षरांसाठी त्याला चष्मा लागला, कारण जवळचे काम मला जमत नाही. निळा मात्र आम्ही दोघांनी मिळून जमवला. पाटी वर चढली तेव्हा लेक रस्त्यापलीकडे जाऊन ओरडली, "बाबा, मला हाच निळा हवा होता!" त्या आनंदात आमचा डोळा भरून आला.

म्हणून मित्रांनो, घरातले मोठे माणूस चुकू लागले, तर त्याच्या हातचे काम काढून घेण्याआधी त्याचे डोळे तपासून आणा.