मखरात बसलेला कोश

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी कोश आहे. माझी छपाई एकोणीसशे पंचवीस सालची. यंदा चौतीस चालू आहे. अंगाला वाळवीची भोकं आहेत. त्यांतलं सर्वांत मोठं माझ्या स्वतःच्या कर्तबगारीचं.

बैलगाडीतून मी खापर गावच्या शाळेत आलो. सुकलाल मास्तरांनी मला लाल फडक्यात बांधून भिंतीतल्या कपाटात बसवलं. दर दसऱ्याला ते मला खाली घेत, पाणी शिंपडत, कुंकू नि झेंडू वाहत आणि फुलांसकट पुन्हा बांधून ठेवत. उघडत मात्र नसत. एवढा मान खानदेशात दुसऱ्या पुस्तकाला नसेल, असं मला वाटे. त्या ओलीनं वाळवी लागली तेव्हा गुदगुल्या झाल्या. मी समजलो, पूजा पावली.

यंदा थंडीत डेप्युटीसाहेब तपासणीला आले. मुलांनी पाठ केलेले चार धडे घडाघडा म्हटले. साहेबांनी पाचवा वाचायला दिला, तर एकालाही वाचता येईना. साहेबांनी शेरा लिहिला, ‘मास्तर कॉम्प्लेसन्ट आहेत. सकाळी खुलासा द्यावा, अन्यथा शाळा बंद करण्याची शिफारस करीन.’ आणि ते आंबराईतल्या तंबूकडे गेले.

दुसरी शाळा थेट अक्कलकुव्याला. इथली पोरं तिथवर थोडीच जाणार, ती गुरांमागे जाणार. शेऱ्यातला तो इंग्रजी शब्द पाहायला मास्तरांनी माझी गाठ सोडली. हवं ते पान उचललं, तर शब्दाच्या जागी भोक. त्यातून त्यांचंच धोतर दिसत होतं.

त्यांची बायको तापीबाई दारातून म्हणाली, “काय लिखेल शे त्यामा?”

“वाळवीनी खाई टाकं.”

“बरं व्हयनं. कोनीतरी उघाडं त्याले.”

सकाळी मास्तरांनी मला साहेबांपुढे ठेवलं. “साहेब, शब्दाचा अर्थ मला ठाऊक नाही. पाहायला गेलो, तर हे.”

साहेबांनी भोकात बोट घालून पाहिलं. “स्वतःवरच खूश होऊन बसलेला, असा अर्थ आहे. पण तुमच्या कोशात जास्त चांगला दिलाय.” आणि त्यांनी पोरांना वाचायला शिकवायला होळीपर्यंत मुदत दिली.

आता मला रोज उन्हात ठेवतात, पोरं पानं उलटतात. पण पुठ्ठ्यातली वाळवी गेलेली नाही; तिचं कुरतडणं मला ऐकू येतं. होळीला बावीस दिवस उरलेत आणि पाचवा धडा अजून अडखळतोय.

मित्रांनो, तुमच्या कपाटात माझा कुणी भाऊबंद बसला असेल, तर त्याला फुलं वाहू नका. गाठ सोडा. तो सुखात दिसत असेल, तर आधी सोडा.