मीटरला पोट नसतं

"माझ्या धाकट्या भावाला वाट बघण्याचं काम देऊ नकोस," नणंदेनं सुरुवातीलाच बजावलं होतं. "त्याला चहा निवेपर्यंत धीर नाही, वरून पाणी ओतून पितो." त्यावर थोरली सून नुसती हसली होती आणि पिंपांच्या खोलीची चावी दिराच्या हातात देऊन बाळाला पाजायला निघून गेली होती.

घराच्या तळमजल्यावरच त्यांचा कारखाना. भिजवलेला वाटाणा वाटायचा आणि त्यात विरजण घालून रात्रभर पिंपात, उबेत ठेवायचा. विरजणातले जिवाणू पोट फुगवणारी साखर खाऊन टाकतात, मग त्यातली प्रथिनं अंगी लागतात. शिजवून, वाळवून त्याचं पीठ व्हायचं, दात गेलेल्या, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांसाठी. पहिलं गिऱ्हाईक वरच्या मजल्यावरचे सासरे. दोन्ही वेळा तेच पीठ.

त्या सकाळी त्यांनी बाळाला उचललं आणि मनगटावरचं घड्याळ घसरत थेट कोपराशी गेलं. तिनं त्यांच्या पोटाला हात लावला. टणक, तडस लागलेलं.

"बाबा, कधीपासून हे?"

"बरं आहे गं. हल्ली अर्धंच खातो, एवढंच. घरच्याच पिठाला नावं कशी ठेवू?"

बाळाला कडेवर घेऊन ती जिना उतरली आणि पिंपाचं झाकण काढलं. फेस नाही, बुडबुडा नाही; विरजण घातलेलंच नव्हतं. टेबलाखाली सायट्रिक ॲसिडचं पोतं उघडं पडलेलं.

"वहिनी, मीटर बघा ना," दीर म्हणाला. "ॲसिड घातलं की आंबटपणाचा आकडा लगेच बरोबर येतो. रात्रभर कशाला ताटकळायचं? रोज आकडा बघून तुम्हीच तर माल पास करता."

ते खरं होतं, म्हणून तिचं डोकं आणखीच फिरलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिनं त्याला अरे-तुरे केलं.

"मीटरला पोट असतं का रे? वर तुझा बाप उपाशी राहतोय, तुझी लाज राखायला."

त्याचं तोंड उतरलं. "बाबा काही बोलले नाहीत."

"ते बोलणार नाहीत. म्हणूनच तुझं फावलं."

तिनं पिंप मोरीत आडवं केलं, चावी हिसकावून घेतली आणि गिऱ्हाइकांना फोन लावत सुटली. ते पीठ खाऊ नका म्हटलं, की पलीकडून एकच उत्तर: "बरं आहे की, पोरी. कशाला जीव काढतेस?" काहींनी फोन उचललाच नाही.

तिचा संताप अजून उतरलेला नाही. म्हणून ती आता तुम्हालाच सांगतेय: शेजारी कुणी एकटं म्हातारं माणूस राहत असेल, तर आज जा. 'बरं आहे' ऐकून दारातूनच परत फिरू नका. आत जा, बसा. ताटात किती उरलंय बघा आणि घड्याळ मनगटावर ठरतंय का, तेही बघा.