चादरीचं दुसरं टोक

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लाँड्रीत तिघींना सगळे थोरली, मधली, धाकटी म्हणत. रक्ताचं नातं कुणाचंच नव्हतं, पण भांडणं सख्ख्या बहिणींसारखी, त्यामुळे नावं चिकटली ती चिकटलीच. भांडण थोरलीचं आणि धाकटीचं, निवाडा मधलीचा. धाकटी इस्त्रीच्या मशीनवर असायची. मोठ्या चादरींच्या घड्या थोरली आणि मधली घालत. मोठी चादर एकटीच्या हातची नसते.

मधली गेली. रात्री जेवून झोपली ती सकाळी उठलीच नाही.

थोरलीने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. कामावर आली, पदर खोचला आणि घड्या घालू लागली. दाढ काढल्यावर गाल बधिर होतो, तशी ती आतून झाली होती. कुणी काही विचारलं की 'बरं' म्हणायची.

अडचण झाली हातांची. मधली डावखुरी. तिच्या कलाने घेता घेता थोरलीची घडीही उलटी होऊन बसली होती. नवी जोडीदारीण चारचौघींसारखी उजव्या हाताची. दोघी हात पुढे करत आणि चादरीला पीळ पडे. मुकादमीण मनाने वाईट नव्हती, पण तिला वरून बोलणी खावी लागत होती. शनिवारपर्यंत जमलं नाही, तर खाली तळघरात मळके कपडे वेगळे करायला जा, तिथे जोडी लागत नाही, असं तिने सांगितलं. थोरली 'बरं' म्हणाली. तळघर काय नि वरचा मजला काय, तिला सगळं सारखंच.

"तू खाली गेलीस तर मी भांडू कुणाशी?" धाकटीने विचारलं.

तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी घोळत होतं आणि त्याची तिलाच लाज वाटत होती. मधली मोठी गोष्टीवेल्हाळ. घडी घालताना दोघी जवळ आल्या की एक वाक्य सांगायची, मागे सरली की गप्प. एक गोष्ट दिवसभर पुरायची. शेवटची गोष्ट तिच्याच सासूच्या हरवलेल्या कवळीची. घरभर शोधाशोध, सुनेवर आळ, सासू नुसत्या दुधावर. "आणि सापडली कुठे, ते उद्या," म्हणून मधली घरी गेली होती. मधली गेल्यावर थोरली तिच्या घरी भेटायला गेली, तेव्हा सासू कोपऱ्यात रडत बसली होती आणि कवळी तोंडात जागच्या जागी होती. अशा वेळी विचारायचं तरी कसं?

शनिवारी धाकटीने आपलं मशीन शेजारणीच्या गळ्यात घातलं, नव्या बाईला बाजूला केलं आणि चादरीचं टोक डाव्या हातात धरलं. घरी नवऱ्याला समोर उभं करून तिने सराव केला होता म्हणे. तो बिचारा आता चादर दिसली की गच्चीवर पळतो. मुकादमीण हाताची घडी घालून बघत राहिली.

पहिली घडी फसली. दुसरीही फसली. पुढच्या चादरीला दोघी जवळ आल्या आणि कोपऱ्याला कोपरा लागला. ही मधलीच्या बोलण्याची वेळ. थोरलीच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "तिच्या सासूची कवळी हरवली होती."

दोघी मागे सरल्या. धाकटीने चादर ताणली आणि पुन्हा पुढे आली. "मग?"

थोरली सांगत गेली, एका घडीला एक वाक्य. शोधाशोध झाली, आळ झाला, दूध झालं. मुकादमिणीने नव्या बाईला इस्त्रीच्या मशीनवर पाठवलं आणि स्वतःही निघून गेली.

"सापडली का मग?"

"सापडली."

"कुठे?"

दोघी जवळ आल्या होत्या, मध्ये चादर होती.

"ते ती उद्या सांगणार होती," थोरली म्हणाली, आणि बधिर झालेलं सगळं एकदम दुखायला लागलं. चादरीत तोंड घालून ती रडू लागली. धाकटीही रडत होती, पण तिने डाव्या हातातलं टोक सोडलं नाही.