लाकूड उन्हाळ्यात फुगत नाही

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. पण ज्या खोलीचा मी होतो, ती खोली आता नाही. तिच्या जागी हवा आहे आणि हवेखाली खड्डा. मी मात्र उरलो. मधल्या फळीला भगदाड घेऊन लाकडाच्या वखारीत भिंतीला टेकून उभा आहे. येणारे-जाणारे विचारतात, "याला काय झालं?" म्हणून आज सगळं सांगतो.

माझा जन्म सागाच्या फळ्यांतून झाला. ज्या सुतारदादांनी मला घडवलं, त्यांनीच मला एका मोठ्या शहरातल्या छोट्या गेस्ट हाऊसमध्ये, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीला बसवलं. गेस्ट हाऊस म्हणजे चार खोल्या आणि एक अरुंद जिना. पण मालकीणबाईंचं मन मोठं. सगळे त्यांना मावशी म्हणत. प्रवासाने थकून आलेल्या माणसाला त्या आधी पाणी देत, मग नाव विचारत. "जागा नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. खोल्या भरल्या की त्या आपली खोली पाहुण्याला देत आणि स्वतः स्वयंपाकघरात पथारी टाकत.

त्यांचे दीर कुरकुरत, "वहिनी, एक दिवस तुम्ही जिन्यात झोपाल."

"झोपेन की. जिना आपलाच आहे," मावशी म्हणत.

त्या काळी मला मान होता. मावशी माझ्या बिजागऱ्यांना आठवणीने तेल लावत. माझी कडी लागली की आतल्या माणसाचा श्वास मोकळा व्हायचा, तो मला ऐकू यायचा. परक्या शहरातली पहिली झोप लोक माझ्या भरवशावर झोपत.

मग शेजारचं घर पाडलं गेलं. तिथे उंच इमारत होणार होती. आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग यंत्रं आली आणि जमीन खोल खोल जाऊ लागली. आमच्या बाजूची माती ढासळू नये म्हणून आधार लावणार होते म्हणे. खोलीच्या खिडकीतून मला तो कधी दिसला नाही. दिवसभर भांड्यातलं पाणी तेवढं थरथरत राही.

ऐन उन्हाळ्यात मी अडकू लागलो. आधी खाली घासलो. सुतारदादा आले, रंधा मारला आणि म्हणाले, "लाकूड फुगलंय." थोड्या दिवसांनी मी वरच्या कोपऱ्यात रुतलो. पुन्हा रंधा. मी अंगाने रोडावत गेलो, तरी चौकट मला आवळतच होती. मित्रांनो, मला सांगावंसं वाटे की मी फुगलो नाही, घर वाकतंय. पण दरवाज्याला फक्त कुरकुरता येतं, आणि कुरकुरणाऱ्याकडे कोण लक्ष देतं?

त्याच सुमारास एक बस कंडक्टर आपल्या बायकोला घेऊन आला. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मावशींनी तिला हात धरून वर आणलं आणि खोलीतल्या एकेका वस्तूला तिचा हात लावून दिला. ही खाट, हा माठ, हे दार.

एका सकाळी चहा घेता घेता ती म्हणाली, "मावशी, भिंतीत कोणीतरी काड्या मोडतंय."

दीर बाहेरच उभे होते. हसून म्हणाले, "डोळे बांधले की कान वाजतात, ताई."

"कान माझे चांगले आहेत," ती शांतपणे म्हणाली. "कालच्यापेक्षा आज जास्त मोडतंय."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी मला ओढून बघितलं. माझ्या एका कोपऱ्याशी बोटभर फट पडली होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात नख शिरायला जागा नव्हती. 

"भावोजी, लाकूड फुगतं ते पावसाळ्यात. या उन्हात ते आकसायला हवं. मग दार अडकतंय कसं?"

"वहिनी, मी खोदकामाच्या साहेबांना विचारलंय. ते म्हणाले, भिंतीतल्या भेगा नुसत्या गिलाव्याला आहेत."

"साहेब इथे झोपायला येतात का?"

दिरांनी भिंतीतल्या भेगेवरून बोट फिरवलं.

"घर रिकामं करायचं. आत्ता," मावशी म्हणाल्या.

"आणि पाहुण्यांना रस्त्यावर काढायचं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते रस्त्यावर उभं राहून म्हणू देत."

कंडक्टर औषध आणायला गेला होता. "ताई, साडी बदलून घ्या, मी तुम्हाला न्यायला येतेच," असं सांगून मावशी बाकीच्या खोल्यांकडे गेल्या. ताईंनी मला लोटून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मावशी पाहुण्यांना "निघा" म्हणत होत्या. त्यांचा आवाज कापत होता, पण थांबत नव्हता.

इतक्यात खालून एक दणका बसला आणि चौकट माझ्यावर उतरली. ताईंनी मला ओढलं. मी हललो नाही.

"मावशी, दार उघडेना."

मावशी बाहेरून ढकलू लागल्या. एवढीशी बाई, ती किती ढकलणार? मावशींची हाक ऐकून दीर धावत वर आले. येताना त्यांनी खोदकामावरच्या एका मजुराच्या हातातली पहार घेतली होती. आता त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"फोडा," मावशी म्हणाल्या.

पहिल्या घावाला माझी मधली फळी फुटली. मला दुखलं. पण लोकांना आत सुखरूप ठेवणं हेच ज्याचं काम, तो मी त्या दिवशी मोडून पडायला धडपडत होतो. अखेर मी बिजागऱ्यांसकट उखडलो आणि जिन्यात कोसळलो. दिरांनी ताईंना पाठीवर घेतलं आणि माझ्यावर पाय देऊन ते खाली धावले. मावशी त्यांच्या मागे. बाकीचे पाहुणे तोवर खाली उतरले होते.

ते गल्लीत पोचले, आणि घराची मागची बाजू बसली. थकलेलं माणूस मटकन बसतं तशी. खाट, माठ, खिडकी, सगळं खड्ड्यात गेलं. धूळ खाली बसल्यावर कंडक्टर दिसला. हातात औषधाची बाटली धरून तो एकेका तोंडाकडे बघत होता. बायकोने त्याला हाक मारली तेव्हा तो भर रस्त्यात खाली बसला.

पुढे जिन्यातून मला सुतारदादांनी ओढून काढलं आणि आपल्या वखारीत आणलं. त्यांच्याकडूनच कळलं की मावशी आता बहिणीकडे असतात. ताई आणि कंडक्टरही काही दिवस तिथेच राहिले, ताईंची पट्टी तिथेच निघाली. मावशींना बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढ्याशा? आवाजावरून मला वाटलं होतं, चांगल्या धिप्पाड असाल." मावशी हसल्या म्हणे, पण घराविषयी बोलत नाहीत.

खोदकाम काही दिवस थांबलं. आता पुन्हा सुरू झालंय.

काल खड्ड्याच्या पलीकडच्या गल्लीतला एक गृहस्थ वखारीत आला. "सुतारदादा, आमची खिडकी लागेना. रंधा घेऊन चला."

"रंधा राहू द्या. आधी तुमची भिंत दाखवा," दादा म्हणाले.

"भिंत कशाला? भिंत छान आहे. तुम्ही खिडकीचं बोला."

दादा पुन्हा पुन्हा सांगत राहिले. गृहस्थ वैतागला आणि दुसरा सुतार बघायला निघून गेला. दादा त्याच्या मागे गेले, पण तो गर्दीत दिसेनासा झाला.

मित्रांनो, त्याला दुसरा सुतार मिळेल. रंधा मारून देणारे खूप असतात. तुम्ही त्या गल्लीतून जात असाल, तर माझं एवढं काम करा. घर कुठलं ते मला माहीत नाही. म्हणून सगळ्यांचीच दारं वाजवा.