एका पायावरची हजामत

गल्लीत त्याला सगळे भिंगरी म्हणत. केस कापण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हात एका जागी आणि मन सतरा जागी, अशी गत. डोकं अर्धं झालं की त्याला पंख्यावरची धूळ दिसे, स्टूल आणायला जावं तर स्टुलाचा हलता पाय दिसे, आणि तो ठोकायला हातोडी शोधता शोधता हा जुन्या रेडिओचं पोट उघडून बसे. गिऱ्हाईक बिचारं कापडात गुंडाळलेलं, आरशात स्वतःलाच न्याहाळत.

एका सोमवारी मात्र कहर झाला. निवृत्त न्यायाधीश दाढीला बसले होते. उजवा गाल झाला आणि भिंगरी गरम पाणी आणायला मागे गेला. खिडकीतून त्याला शेजारचा पेंटर पाटी रंगवताना दिसला. अक्षरं तिरकी जात होती. तेवढं सांगायला म्हणून तो बाहेर पडला आणि पाऊण तास त्याची शिडी धरून उभा राहिला. परतला तेव्हा न्यायाधीशांच्या डाव्या गालावर फेसाचा पापुद्रा वाळला होता.

"आयुष्यभर लोकांना तारखा दिल्या," ते शांतपणे म्हणाले. "आज स्वतःला पडली."

भिंगरीची बायको शाळेत शिकवायची. हे ऐकून ती हसली नाही.

"माझ्या वर्गात अशी तीन मुलं आहेत," ती म्हणाली. "त्यांच्या आईवडलांना मी डॉक्टरांकडे धाडते. तुमच्यावर तेवढी ओरडत बसले."

डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. लक्ष न टिकण्याचा हा त्रास लहानपणापासूनचा आहे, आळस नव्हे, असं सांगून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि जोडीला योगासनं करा म्हणाले. आळस नव्हे, हे चाळिशीपर्यंत भिंगरीला कोणी सांगितलं नव्हतं.

योगाचा वर्ग वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरे. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "डोळे मिटा." त्याने एक मिटला.

"मन भटकलं तर परत आणा," बाई म्हणाल्या.

"किती वेळा?"

"जाईल तितक्या वेळा."

"मग मला दुसरं काही करायला वेळच उरायचा नाही, बाई."

"इथे दुसरं काही करायचंच नाहीये."

वृक्षासनात एका पायावर उभं राहून भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघायचं होतं. या खिळ्याला पूर्वी काय टांगलं असेल, असा विचार आला आणि तो शेजारच्या पोस्टमनवर कोसळला. आठवडाभर तो रोज पोस्टमनवर कोसळत होता. शेवटी पोस्टमनने जागा बदलली. तेव्हा कुठे भिंगरीच्या ध्यानात आलं, की आधी मन सुटतं आणि मग पाय डगमगतो. मन कधी पळालं हे त्याला आजवर कळलंच नव्हतं; आता पाय चुगली करत होता.

दुसऱ्याच दिवशी दुकानात, खुर्चीमागे उभा राहून त्याने डावा पाय उचलून उजव्या मांडीला टेकवला. गिऱ्हाइकाने आरशात पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, पडाल."

"वस्तऱ्याला दोन्ही पाय टेकतो," भिंगरी म्हणाला. "कात्रीला एक पुरतो."

पंख्याकडे नजर गेली की तोल जाई, तोल गेला की नजर डोक्यावर परत. महिनाभरात डोकी एका बैठकीत पुरी होऊ लागली. रोज नाही; कधी गोळी विसरे, कधी पाटी रंगवणारा पेंटर नडे. पण गिऱ्हाइकं आता डबा बरोबर आणेनाशी झाली.

मग एक दिवस योगाच्या बाई स्वतःच दुकानात आल्या. "दोन बोटं कमी करा," म्हणाल्या, आणि खुर्चीत डोळे मिटून श्वास मोजू लागल्या. भिंगरीने पाय उचलला. खिडकीबाहेर काहीतरी धाडकन पडलं, लोक धावले. तो हलला नाही. कात्री चालत राहिली. इतकं सलग काम त्याच्या हातून जन्मात झालं नव्हतं.

बाईंनी डोळे उघडले. केस कानांच्याही वर गेले होते.

"मी दोन बोटं म्हटलं होतं."

"लक्ष लागलं होतं, बाई," तो ओशाळून म्हणाला. "थांबायचं सुचलंच नाही."

बाईंनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कापणी मात्र रेघ मारल्यासारखी सरळ होती.

"उद्या वेळेवर या," त्या म्हणाल्या. "आसन सोडायचं कसं ते शिकवायचं राहिलंय."