कासरा नसलेली गाडी

लालीबाईला बैलबंडी हाकताना ज्याने पाहिलं नाही, त्याने घाटंजी तालुका पाहिला असं म्हणूच नये. पावसाळ्यात पांदणीच्या चिखलात भल्याभल्यांच्या बंड्या रुतून बसायच्या, आणि ही बाई एका हातात कासरा धरून, दुसऱ्या हाताने तोंडात तंबाखूची चिमूट टाकत ऐटीत निघून जायची. तांड्यातली माणसं तिला वाट करून द्यायची. अशा बाईला तिचा धाकटा दीर देवसिंग तोंडावर म्हणाला, "भोजाई, मोटरसायकल काई तुमचं काम नोहे." मग तिचं डोकं फिरलं तर त्यात नवल ते काय?

झालं होतं असं. लालीबाईच्या दोन म्हशी. दोन्ही तिने वगारीपासून वाढवलेल्या. नवरा फुलचंद आणि मुलगा संजय राजूरला कोळशाच्या ट्रकवर, त्यामुळे घरचा सगळा पसारा तिच्याच अंगावर. दूध तेवढं देवसिंग न्यायचा. आपल्या कॅनींसोबत हिच्याही कॅनी गाडीला लटकवून रोज सकाळी घाटंजीच्या डेअरीत घालायचा. दसरा झाला आणि त्याने हात वर केले. रोजची दगदग होत नाही म्हणे, म्हशी मलाच विकून माझ्या गोठ्यात बांधून टाका म्हणे. बरं, हे लालीबाईला सांगायच्या आधी पठ्ठ्याने राजूरला फोन लावून फुलचंदचा होकारही घेऊन ठेवला होता. फुलचंद भोळा सांब. भावाने गोड बोलून काही मागितलं की ह्याची मान डोलायला लागते.

"मले न इचारता?" लालीबाई फोनमध्ये कडाडली. "धार मी काढतो, शेण मी काढतो, अन् इकून तुमी राह्यले?"

"अवं, पण दूध नेईन कोन? पायानं चालत जाईन का ते घाटंजीले?"

"मी नेईन. संजयची गाडी उभीच हाय ना घरी."

फुलचंद हसला. तिथंच चुकला. तो हसला नसता तर कदाचित चार दिवस कुरकुर करून ती गप्पही बसली असती.

"मंग ऐका," ती म्हणाली, "येत्या रविवारी मी एकटी दूध घेऊन जाईन, डेअरीत घालीन, अन् वापस येईन. गेली, तर म्हशी माह्या गोठ्यात. नाई गेली, तर खुशाल द्या तुमच्या भावाले."

देवसिंग बाजूलाच उभा होता. त्याने हसत हसत कबूल केलं आणि वरून रविवारपर्यंत दूध न्यायची तयारीही दाखवली. त्याला काय, म्हशी घरात आल्यासारख्याच वाटत होत्या.

आता शिकवणार कोण? घरात दुसरं माणूस एकच, सून बबिता. ही उमरखेडची पोरगी माहेरी असताना गाडी दामटत कॉलेजला जायची. खरं तर तीच दूध घेऊन गेली असती, पण सातवा महिना लागला होता. गाडीवर बसायची सोय नव्हती, बसल्या जागी शिकवायची मात्र पुरेपूर होती.

सोयाबीन निघालेलं वावर मोकळं पडलं होतं. लालीबाईने आत संजयची जुनी पँट चढवली, वरून फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, घेर कमरेला खोचला आणि गाडीवर बसली. गाडी तशी लहानच, शंभर सीसीची, नवशिक्याला झेपेल अशी. दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. बबिता वावराच्या कडेला धुऱ्यावर पोत्याची घडी टाकून बसली. सासूला ती 'याडी', म्हणजे आई, म्हणायची, आणि लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी तिच्यापुढे हिचा आवाज कधी चढला नव्हता. पण गाडी चौथ्यांदा गचका खाऊन बंद पडली आणि पोरीचा धीर सुटला.

"याडी! किलच एकदम नोका सोडू! सावकाश! तांदळातले खडे निवडता का तसं!"

लालीबाईने वळून पाहिलं. बबिताने जीभ चावली.

"मोठ्यानं सांग," सासू म्हणाली, "इंजिनात आयकू येत नाई."

मग काय विचारता! सकाळ-संध्याकाळ सुनेने सासूवर ओरडायचं आणि सासूने निमूट ऐकायचं, असा उलटा कारभार त्या वावरात सुरू झाला. आणि लालीबाई शिकतही होती बरं का. दुसऱ्या दिवशी गाडी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ गेली. तिसऱ्या दिवशी वळली. मग लालीबाईच्या अंगात वारं शिरलं. तिने तिसरा गियर टाकला. समोर तुरीचं वावर जवळ यायला लागलं तशी बबिता ओरडली, "थांबा याडी, थांबा!"

आणि लालीबाईने आयुष्यभर जे केलं तेच केलं. तोंडाने "होऽ होऽ" म्हटलं आणि दोन्ही हातांनी कासरा छातीकडे ओढला.

बैल थांबला असता. गाडीचं हँडल ओढलं की मनगट मागे फिरतं, मनगट फिरलं की एक्सलेटर पिळला जातो. गाडी जी उधळली! ती जसजशी पळायला लागली तसतशी लालीबाई कासरा जोरात ओढायला लागली, आणि जसजसा कासरा ओढला तसतशी ती आणखी पळाली. ब्रेक पायाखाली होता, पण बैलाला कधी पायाने थांबवलंय कोणी? शेवटी कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा, भलामोठा ढीग मध्ये आला म्हणून बरं. गाडी त्यात अर्धी घुसली, लालीबाई पूर्ण.

बबिता पोट सावरत धावली. कुटारातून आधी एक हात निघाला, मग डोकं.

"हे जनावर उलट्या खोपडीचं हाय," लालीबाई खोकत म्हणाली. "वढलं तं पयते!"

बबिताला हसू आवरेना. लालीबाई मात्र हसली नाही. मनगट सुजलं होतं. संध्याकाळी ती म्हशींजवळ जाऊन बसली, आणि खरं सांगायचं तर घाबरली होती. पडण्याला नव्हे, पडली तर ती बंडीवरूनही होती. घाबरली ती आपल्याच हाताला. या हाताच्या जोरावर तिने सगळा संसार ओढला होता, आणि ऐन वेळेला तोच हात भलतंच करून बसला. घाटंजीच्या रस्त्यावर ट्रक समोर आला आणि हाताने पुन्हा हेच केलं तर? थोरली म्हैस तिचा खांदा चाटत होती. लालीबाईने ओढणीच्या पदराने डोळे पुसले.

बबिता एवढंसं तोंड करून दारात उभी होती. मग म्हणाली, "याडी, डोस्क्याले समजलं हाय. हाताले शिकवा लागते. त्याले मी शिकवतो."

दुसऱ्या दिवसापासून तिने जे आरंभलं, त्याने अख्खा तांडा चक्रावून गेला. बबिताने कधीही, कुठेही अचानक ओरडायचं, "थांबा!" आणि लालीबाईने त्या क्षणी उजवी मूठ उघडून उजवा पाय जमिनीवर दाबायचा. हातात काय आहे ते बघायचं नाही. पहिल्यांदा भाकर चुलीत पडली. मग ओटीभर वेचलेला कापूस मातीत. नळावर भरला हंडा सुटला आणि देवसिंगची बायको धनीबाई पायापासून डोक्यापर्यंत भिजली. "बाईले लागीर झालं वाटते," असं ती घरोघर सांगत फिरली. लालीबाईने तिकडे लक्षच दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी वावरात भरधाव गाडीवर असताना बबिता ओरडली. मूठ सुटली, पाय दाबला गेला, गाडी जिथल्या तिथे उभी. सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं. लालीबाईने सुनेच्या गालावरून हात फिरवला.

रविवार उजाडला. दोन्ही बाजूंना भरल्या कॅनी लटकवल्या. देवसिंग ओट्यावर दात घासत बसला होता.

"भोजाई, दूध सांडलं तं फोन करजा. आणून देईन."

"तू दात घास," म्हणून लालीबाईने किक मारली.

भरल्या कॅनींनी गाडी डुलत होती, पण एकदा रस्त्याला लागल्यावर सरळ झाली. समोरून ट्रक आला, गेला. हात शहाण्यासारखा वागला. नाल्याच्या उतारावर मात्र खरं संकट उभं राहिलं. गावचं सगळं गोहन रस्ताभर पसरलेलं. गाई, गोऱ्हे, बकऱ्या, आणि त्यांना राखणारा गायकी कुठेतरी मागे बिडी पीत. उतारावर गाडी उभी केली तर भरल्या कॅनींसकट आडवी पडणार, आणि डेअरीचं शटर तर आठला पडतं. हॉर्न दाबला. एकाही गाईने कान हलवला नाही.

लालीबाईने मग हॉर्नचा नाद सोडला. पहिल्या गियरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून, तिने छाती भरून हाळी दिली. "हैऽऽ! सर्र! सर्र वं माय, बाजू हो!" बंडीवरून द्यायची तीच हाळी. गोहनाच्या कानांना ही भाषा कळत होती. माना वळल्या, अंगं सरकली, मधोमध वाट पडली. लालीबाई त्या वाटेने एकही थेंब न सांडता उतरली आणि पलीकडचा चढ चढून गेली. गायकी तोंडातली बिडी विसरून बघत राहिला.

डेअरीतल्या माणसाने दूध मापून घेतलं. देवसिंग कुठे आहे असं त्याने विचारलं. "दात घासून राह्यला," ती म्हणाली.

परत येताना फाट्यावर, म्हशींचा निकाल बघायला राजूरहून आलेला फुलचंद एसटीतून उतरून पिशवी घेऊन उभा होता. देवसिंगची वाट पाहत असावा. रिकाम्या कॅनी वाजवत गाडी येऊन समोर थांबली. त्याने आधी गाडी ओळखली, मग फेटिया, आणि शेवटी बायको.

"बसा मांगं," ती म्हणाली.

तो बसला. वाटेत तो फक्त एकदाच बोलला. "हळू वं!" आणि तिने हळू केली नाही.

तांड्यात शिरले तेव्हा देवसिंग अंगणात नवा कोरा दोर घेऊन उभा होता. आमच्याकडे जनावर विकणारा आपला दोर कधी देत नाही, घेणाऱ्याने स्वतःचा आणायचा असतो. म्हणजे गड्याची तयारी पक्की होती. चार माणसंही जमली होती.

"भाऊ, तुमी शबद देल्ता," पैजेचं नावही न काढता देवसिंग म्हणाला.

फुलचंद मागच्या सीटवरून उतरला. त्याने गोठ्याकडे पाहिलं, मग गाडीवरच बसलेल्या बायकोकडे.

"देल्ता. चुकलं माह्यं. म्हशी माह्या नाईतच, शबद कसा देऊ? मालकीण हे हाय. इले इचार."

चार माणसांत असं तो आजवर कधी बोलला नव्हता. लालीबाईचा हात ओढणीच्या पदराकडे गेला. पण देवसिंगसमोर रडेल तर ती लालीबाई कसली!

"देवसिंग," ती म्हणाली, "उद्यापासून तुह्या कॅनीबी इथंच आणून ठेवजो. साडेसहाले निघतो मी. उशीर झाला तं थांबनार नाई."

देवसिंगने दोर गुंडाळला आणि तो घरात गेला. दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच कॅनी आल्या. घेऊन आली होती धनीबाई. देवसिंग अजून झोपला होता म्हणे.